गुरुजींची निवृत्ती

मूळचे महाराष्ट्रीय गणिती बापूदेव शास्त्री यांनी काशीच्या संस्कृत पाठशाळेत आयुष्य वेचले. ते निवृत्त झाल्यावर १८९० मध्ये त्यांचेच शिष्य सुधाकर द्विवेदी त्यांच्या जागी आले. शिक्षकाला याहून मोठे समाधान कोणते? परंतु त्याच काशीतील शिक्षकांत आज निवृत्तीची गोष्ट निघाली, की शिष्याआधी निवृत्तिवेतनाचा विषय निघतो. आणि त्यात गैर काही नाही.

उत्तर प्रदेशातील सरकारी प्राथमिक शाळेचा शिक्षक ६२ व्या वर्षी निवृत्त होतो. वाढदिवस सत्राच्या मध्येच आला, तर शिकवणे खंडित होऊ नये म्हणून त्याला ३१ मार्चपर्यंत ठेवून घेतात. मात्र एकाच दिवशी निरोपाचा हार स्वीकारणाऱ्या दोघांची स्थिती सारखी असेलच असे नाही. १ एप्रिल २००५ पूर्वी रुजू झालेल्याला अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन व त्यावर महागाई भत्ता. त्यानंतर आलेल्यांना नवी अंशदायी योजना लागू झाली. (आपल्या महाराष्ट्रात ही रेघ १ नोव्हेंबर २००५ ची. तिच्यापायी मार्च २०२३ मध्ये शिक्षक व कर्मचारी सात दिवस संपावर होते.)

नव्या योजनेत शिक्षकाने वेतन व महागाई भत्त्याचे १० टक्के भरावयाचे, सरकारने आपला वाटा घालावयाचा, आणि अखेरीस जमलेल्या रकमेच्या किमान ४० टक्क्यांतून वर्षासन विकत घ्यावयाचे. वर्षासन! पूर्वी राजेरजवाडे विद्वानांना देत ते. आता विद्वानाने स्वतःच्या पैशाने घ्यावयाचे.

समजा, ५० लाख जमले. त्यांतील २० लाखांवर ६ टक्के दराने महिना १० हजार येतील. ज्याचे मूळ वेतन ८० हजार होते त्या जुन्या सहकाऱ्याला ४० हजार, शिवाय भत्ता. आणि महागाई वाढली तरी पहिल्याचे १० हजार बहुधा तेवढेच राहणार.

उरलेले ३० लाख हाती येतात खरे. परंतु घरात त्यांच्या वाटण्या आधीच झालेल्या असतात. मुलीचे लग्न, धाकट्याचे शिक्षण, वरचा मजला. निवृत्त गुरुजींना नाही म्हणणे जड जाते, कारण तो पैसा त्यांच्या उद्याच्या जेवणाचा आहे हे त्यांनी कुणाला सांगितलेलेच नसते.

आपल्या घरी कुणी शिक्षक असतील, तर एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. दरमहाची कपात खात्यात खरोखर जमा झाली आहे का, सेवापुस्तिकेतील जन्मतारीख बरोबर आहे का, वारस म्हणून कुणाचे नाव आहे, हे पाहा. चूक जितक्या लवकर दुरुस्त करून घ्यावी तितके सोपे असते.