घरात असो, जाळ्यात नसो

चेन्नईच्या अंबत्तूर भागातील आमच्या घरात पुस्तकांच्या फळीवर जो पंधरा वर्षांचा एक लॅपटॉप आहे, त्याची वाय-फायची जोडणी मी गेल्या महिन्यात तीनदा तोडली आणि तिन्ही वेळा, दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुरू करताच, कोणाचीही परवानगी न घेता तो पूर्ववत जाळ्यात रुजू झालेला मला आढळला. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील चिन्हावर जाऊन ‘डिस्कनेक्ट’ ही आज्ञा दिली म्हणजे संबंध संपला, अशी माझी समजूत होती, आणि ज्यांच्याशी मी या विषयावर बोललो त्यांपैकी बहुतेकांचीही तीच होती. वस्तुतः त्या आज्ञेने एका दिवसाची रजा तेवढी मंजूर होते. हजेरीपटावरचे नाव कायम राहते. जाळ्याचे नाव आणि त्याचा पासवर्ड लॅपटॉपच्या दप्तरात नोंदलेला असतो, ‘आपोआप जोडावे’ या रकान्यापुढे कोणी तरी कधी काळी खूण केलेली असते, आणि त्या एका खुणेच्या बळावर यंत्र आपली वहिवाट चालू ठेवते.

हा लॅपटॉप 2010 साली माझ्या मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी घेतला. तिचे शिक्षण झाले, ती नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरी गेली, नवे यंत्र आले, आणि हा कपाटात गेला. तेथून तो पुन्हा बाहेर पडला तो 2020 च्या टाळेबंदीत, नातवाची शाळा घरात भरू लागली तेव्हा. देशभर अक्षरशः लक्षावधी घरांत त्या उन्हाळ्यात हेच घडले असणार. जे जे यंत्र चालू होईल ते ते धूळ झटकून जोडले गेले. परंतु या घटनेतील एक योगायोग त्या वेळी फारच थोड्यांच्या ध्यानी आला. विंडोज 7 या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविण्याची मुदत 14 जानेवारी 2020 रोजी संपली होती, आणि टाळेबंदी मार्चच्या अखेरीस लागू झाली. म्हणजे ज्या यंत्रांचा पहारा नुकताच उठला होता, नेमकी तीच यंत्रे दोन महिन्यांनी घराघरांतील जाळ्यात आणून बसविली गेली, आणि शाळा पुन्हा भरू लागल्यावर त्यांना तेथून उठविण्याची तसदी कोणी घेतली नाही. आता 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चीही नियमित मुदत संपल्यामुळे या निराधार यंत्रांच्या संख्येत फार मोठी भर पडणार आहे, म्हणून हा विषय आजच मांडणे मला आवश्यक वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या लॅपटॉपला दुरुस्त्या मिळणे थांबले आहे त्याला घराच्या वा कारखान्याच्या वाय-फायवर ठेवू नये. त्याचबरोबर त्याला भंगारातही घालू नये. त्याची जाळ्यातून रीतसर, कागदोपत्री म्हणावी इतकी पक्की मुक्तता करावी आणि मग त्याच्याकडून त्याला झेपेल ते काम खुशाल घ्यावे.

याला कारण असे की, एकाच राउटरवरची उपकरणे परस्परांना घरातली माणसे समजतात. बाहेरून येणाऱ्या अनोळखी संदेशाला राउटर देवडीवर अडवितो. परंतु आतल्या आत एका यंत्राने दुसऱ्याशी बोलावयाचे झाल्यास पुष्कळ ठिकाणी कसलीच चौकशी होत नाही. 12 मे 2017 रोजी सुरू झालेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांत जो हाहाकार केला, तो याच मार्गाने. एक यंत्र बाधले की त्याच जाळ्यातील इतर दुरुस्ती न झालेली यंत्रे, कोणी काहीही न उघडता, काहीही न दाबता, आपोआप बाधत गेली. त्या छिद्राची दुरुस्ती मार्च महिन्यातच उपलब्ध झालेली होती. ती न बसविल्यामुळे बाधलेल्या संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज 7 चे होते. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि आमच्या चेन्नईजवळच्या ओरगडम येथील रेनो-निस्सानच्या मोटार कारखान्यालाही त्याची झळ पोहोचली.

वाय-फाय ही घराची अदृश्य वेस आहे, ही गोष्ट महाराष्ट्राने तर याहून नऊ वर्षे आधी अत्यंत दुःखद रीतीने अनुभवली. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे धमकीचा एक ई-मेल आला, आणि त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेशी पोहोचले. त्या घरात राहणाऱ्याचा त्या पत्राशी संबंध नव्हता. त्याचे वाय-फाय उघडे होते आणि त्याचा दुसऱ्याने उपयोग केला होता. निरपराध मनुष्याला चौकशीच्या यातायातीतून जावे लागले. 2009 च्या प्रारंभी दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी सेवा पुरविणाऱ्यांना सूचना दिल्या, त्या अशा प्रसंगांनंतर. आज पासवर्डाविना वाय-फाय सहसा कोणी ठेवीत नाही, हे खरे. परंतु तो पासवर्ड ज्या यंत्राच्या पोटात लिहिलेला आहे ते यंत्रच जर कोणाच्याही हवाली होण्याजोगे दुबळे असेल, तर दाराला लावलेल्या कुलपाचा उपयोग किती?

अंबत्तूरमध्ये राहिल्यामुळे मला हा प्रश्न घरापेक्षा कारखान्यात अधिक तीव्रपणे दिसतो. येथील औद्योगिक वसाहत 1964 साली वसली. तिच्या गल्ल्यांतून आजही लहान लहान यंत्रशाळा आहेत, जेथे चार-सहा माणसे मोठ्या मोटार कंपन्यांच्या पुरवठादारांसाठी जॉबवर्क करतात. माझ्या परिचयाच्या अशाच एका यंत्रशाळेत सीएनसी लेथच्या शेजारी, तेलाने काळवंडलेल्या लाकडी स्टुलावर, विंडोज एक्सपीवर चालणारा एक लॅपटॉप आहे. त्याच्या मागच्या बाजूस नऊ टाचण्यांचे जुने सीरियल पोर्ट आहे, आणि त्यातून निघालेली करड्या रंगाची केबल थेट लेथच्या नियंत्रकात जाते. लोखंड किती मायक्रॉन कापावयाचे याचा हुकूम याच वाटेने जातो. नव्या लॅपटॉपला ते पोर्ट नसते. मधला जोड लावून पाहिला तर जुना प्रोग्राम कधी चालतो, कधी अर्ध्यावर अडतो. लेथ अजून दहा वर्षे उत्तम काम देईल, आणि तोवर त्या लॅपटॉपलाही निवृत्त करता येणार नाही. एक्सपीची मुदत 8 एप्रिल 2014 रोजी संपली, हे मालकाला सांगितले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “सार, त्याला कोण शिवणार? तो तर कोपऱ्यात पडलाय.” त्याच क्षणी त्याच कोपऱ्यातील यंत्राच्या पडद्यावर वाय-फायच्या चारही रेघा भरलेल्या दिसत होत्या, रात्रपाळीच्या मुलांनी गाणी ऐकण्यासाठी केव्हा तरी जोडणी करून ठेवली होती, आणि हिशेब, बँकेचे व्यवहार, जीएसटीची विवरणे ज्या संगणकावरून होत, तोही त्याच राउटरवर होता. त्या मालकाला दोष देण्याचे माझ्या मनात नाही. त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते.

अतिजुन्या यंत्रापायी सबंध जाळ्याचे मान खाली येते, ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वायरलेस संदेश गुप्त राखण्याची वेप ही पहिली पद्धत 1997 ची; ती 2001 सालीच सदोष ठरली, आणि 2007 साली जर्मनीतील डार्मश्टाट येथील संशोधकांनी ती एका मिनिटाच्या आत फोडून दाखविली. पुढे 2003 मध्ये डब्ल्यूपीए, 2004 मध्ये डब्ल्यूपीए 2 आणि 2018 मध्ये डब्ल्यूपीए 3 अशा क्रमाने सुधारणा होत गेली. परंतु घरातील एक जुने यंत्र नवी पद्धत जाणत नाही म्हणून राउटरवर जुन्या पद्धतीची मुभा ठेवली जाते, आणि ही मुभा शत्रूलाही मिळते. अमेरिकेतील टीजेएक्स या दुकानांच्या साखळीतून साडेचार कोटींहून अधिक कार्डांचा तपशील चोरीस गेल्याचे 2007 साली उघड झाले, त्याचा आरंभ वेपवर विसंबलेल्या एका दुकानाच्या वायरलेस जाळ्यातूनच झाला होता. शिवाय हवेतील वेळ सर्वांना मिळून एकच असल्यामुळे, मंदगती यंत्र आपले म्हणणे सावकाश मांडीत असताना वेगवान यंत्रांना थांबून राहावे लागते.

तेव्हा मुक्तता रीतसर करावी. विंडोज 7 मध्ये जतन केलेल्या वायरलेस जाळ्यांची यादी उघडून त्यातून नाव काढून टाकावे लागते. पुढील आवृत्त्यांत ‘फर्गेट’ असे म्हणतात. घरचेच नाव काढून थांबू नये, रेल्वे स्थानकाचे, हॉटेलांचे, जुन्या कचेरीचे, अशी सारी नावे काढावीत, कारण एक्सपीसारखी जुनी प्रणाली आपल्या ओळखीच्या जाळ्यांना नावानिशी हाका मारीत असते आणि ते नाव धारण करून कोणीही तिला फसवू शकतो. त्यानंतर पुष्कळ जुन्या लॅपटॉपांच्या पुढच्या कडेला नखाएवढी सरकती कळ असते, ती बंद करावी. आमच्या लॅपटॉपवर तिच्याजवळचा निळा दिवा नारिंगी होतो. आणि सर्वांत शेवटी राउटरचा पासवर्ड बदलावा. या शेवटच्या पायरीचा लोकांना कंटाळा येतो, कारण मग घरातील प्रत्येक फोनला नवा पासवर्ड द्यावा लागतो; परंतु जुना पासवर्ड चालू राहिला तर एखाद्या दुपारी कोणी तरी तो सहज पुन्हा टंकित करील, आणि सारी तजवीज फुकट जाईल. जाळ्याबाहेरच्या यंत्राला पेनड्राइव्हमधूनही बाधा होऊ शकते. म्हणून त्या यंत्रशाळेत आम्ही एक पेनड्राइव्ह केवळ त्याच कामासाठी राखून ठेवविला आणि त्याला लाल दोरा बांधला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला वजनदार वाटतो. ज्याच्या घरी हा एकच लॅपटॉप आहे त्याने काय करावे? तमिळनाडू सरकारने 2011 पासून सरकारी व अनुदानित संस्थांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले. आमच्या गल्लीतील किती तरी घरांत पहिला संगणक आला तो त्या योजनेतून, आणि काही ठिकाणी आजही धाकटी भावंडे त्यावरच अर्ज भरतात. त्यांना ‘जाळ्यातून काढा’ असे सांगणे म्हणजे शाळेतून नाव काढण्यासारखे होईल. अशा यंत्रांवर, ती अगदीच थकलेली नसतील तर, दुरुस्त्या अद्याप मिळत असलेली लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती बसविता येते. सी-डॅक या संस्थेच्या चेन्नई केंद्राने ‘बॉस’ या नावाने भारतीय भाषांसाठी लिनक्सवर आधारलेली प्रणाली सिद्ध केलेली आहे. परंतु हे काम त्या मुलाने एकट्याने करावे अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. ज्या शासनाने यंत्र दिले त्याने शाळाशाळांतून ही व्यवस्था करावी. आणि विक्रेत्यांच्या बाबतीत कायद्यानेच असे बंधन घालावे की, औषधाच्या पाकिटावर जशी मुदतीची तारीख छापलेली असते, तशी या यंत्राला दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ती तारीख खोक्यावर आणि यंत्राच्या पाठीवर, ग्राहकाच्या भाषेत, ठळक अंकांत छापली जावी. पंचवीस-तीस हजार रुपये मोजणाऱ्या माणसाला एवढी माहिती मिळण्याचा हक्क आहे.

आमचा लॅपटॉप मी का राखला, तेही सांगितले पाहिजे. माझ्या वडिलांनी आपल्या गावच्या आठवणी मला सांगितल्या आणि मी त्या 2011 साली त्यावर टंकित केल्या, त्या वेळच्या जुन्या मराठी फाँटमध्ये. नव्या संगणकावर ती पाने उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग दिसतो, कारण त्या काळचे हे फाँट युनिकोड नव्हते. आणि ज्या यंत्रावर तो फाँट बसविलेला आहे त्यावरच वडिलांचे शब्द शब्द म्हणून दिसतात. ती सर्व पाने छापून घ्यावयाची आहेत, आणि त्याकरिता या यंत्राला जगाशी बोलण्याची गरज नाही. गेल्या रविवारी यादीतील अकरा नावे काढली, कळ सरकविली, राउटरचा पासवर्ड बदलला आणि तो घरातील पाच फोनांना व नातवाच्या लॅपटॉपला दिला. सोमवारी सकाळी जुना लॅपटॉप सुरू केला. दिवा नारिंगीच होता. मग वडिलांच्या आठवणींतील विहिरीच्या प्रकरणापासून पुढे वाचावयास बसलो.