अनुस्वाराच्या जागी फूल

आमची पत्रकं मांडून देणारी मैत्रीण ग्राफिक डिझायनर आहे. आठ मार्च जवळ आला की ती वैतागते. "बघ, सोन्याचं दुकान, बँक, नगरसेवक आणि तुम्ही, सगळ्यांच्या पोस्टरवर तेच एक अक्षर! गुलाबी, नाजूक, वेलांटी सुटते ती थेट फुलपाखरात जाऊन संपते." तिचा दुसरा राग 'मंगल' या फॉन्टवर. अर्ज, अहवाल, निषेधाचं पत्रक, श्रद्धांजली, सगळं आपलं मंगलमध्ये.

मी हे हसण्यावारी न्यायचे. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत पत्रकात काय लिहावं हे शिकले. ते कसं दिसावं हा प्रश्न कधी निघालाच नाही. इथे बायांना मार बसतोय आणि हिला वेलांटीची पडलीय, असंच मला वाटायचं.

मग एका वस्तीतल्या बैठकीत आम्ही घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याचं पत्रक वाटलं. मथळ्याचं अक्षर मैत्रिणीचं न ऐकता मीच निवडलं होतं, तेच नाजूक, वळणदार. 'बायकांना आवडेल' म्हणून! मजकूर मावेना, तेव्हा आतलं अक्षर बारीक केलं. साक्षरता वर्गात वाचायला शिकलेल्या एक ताई हौसेनं वाचायला उभ्या राहिल्या. मथळ्यात अनुस्वाराच्या जागी इवलंसं फूल होतं. ताईंनी ते नक्षी समजून सोडून दिलं आणि 'हिसाचार' असं वाचून थांबल्या. पुन्हा वाचलं, पुन्हा थांबल्या. मग पत्रकाची घडी घालत म्हणाल्या, "माझंच वाचन कच्चं आहे, बाई."

मैत्रिणींनो, ते वाक्य मला फार लागलं. येत नाही, जमत नाही, हा दोष आयुष्यभर त्यांच्याच माथी मारला गेला होता. त्यात त्या दिवशी मी भर घातली. २००५ च्या या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, मोफत कायदेशीर मदत मिळते, हे सगळं पत्रकात होतं. पण ज्यांच्यासाठी होतं त्यांना ते वाचता आलं नाही.

आणि बायकांसाठी म्हटलं की अक्षरसुद्धा नाजूकच हवं, हे मी तरी कुठून उचललं? बाजारानं बाईचं जे चित्र रंगवलंय, ते आपण भाषणात खोडतो आणि मथळ्यात पुन्हा छापतो.

मंगलवर मात्र मी राग धरत नाही. र. कृ. जोशी यांनी तो संगणकाच्या पडद्यासाठी घडवला आणि विंडोज २००० बरोबर तो सगळीकडे पोचला. दोष आपला आहे. संगणक जे पुढे करतो ते आपण विचार न करता घेतो. आपलं पत्रक आणि पाणीपट्टीची नोटीस सारखीच दिसली, तर बाई ते न वाचताच बाजूला ठेवणार.

आमच्या कपाटात हातानं रंगवलेली जुनी पोस्टर्स आहेत. मथुरा बलात्कार प्रकरणातल्या निकालाविरुद्ध १९८० मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हापासूनची चळवळ अशा पोस्टरांवर वाढली. त्यांवरची शिरोरेघ वाकडी आहे, ब्रशचे ओघळ आहेत, पण अक्षर रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं. कारण काढणारीला ते कुणीतरी वाचायला हवं होतं.

सगळं पुन्हा हातानं करा असं मी म्हणत नाही. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' हा फॉन्ट मोफत मिळतो, तोही बारीक ते जाड अशा सात वजनांत. साधा आहे, स्वच्छ आहे. आमचं पत्रक आम्ही त्यात पुन्हा छापलं. मजकूर निम्मा केला, अक्षर मोठं केलं. आता छापण्याआधी एक प्रत नव्यानं वाचायला शिकलेल्या बाईच्या हातात देतो. ती जिथे अडते तिथे आम्ही बदल करतो.

तुमच्या गटाची पत्रकं कोण वाचून बघतं? एकदा वस्तीत बसून मोठ्यानं वाचून घ्या आणि काय घडलं ते जरूर लिहा.