हमी जागेची, कॅम्पसची नव्हे

कॅलिफोर्नियातला रहिवासी विद्यार्थी राज्यातल्या बारावीच्या विद्यार्थ्यांपैकी वरच्या ९ टक्क्यांत किंवा स्वतःच्या शाळेच्या वरच्या ९ टक्क्यांत बसला, आणि तरीही त्याने अर्ज केलेल्या एकाही कॅम्पसने त्याला घेतले नाही, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया त्याला दुसऱ्या एखाद्या कॅम्पसमध्ये जागा देऊ करते. अर्थात तिथे जागा शिल्लक असेल तर. हमी प्रवेशाचा नियम एवढाच आहे. त्याच्याविषयीची तक्रार मात्र दोन्ही बाजूंनी होते. काहींच्या मते वरच्या ९ टक्क्यांतल्या मुलाला बर्कली किंवा लॉस एंजेलिस कॅम्पस नाकारणे हा वचनभंग आहे. काहींच्या मते ज्या हमीतून मागितलेले कॅम्पस मिळत नाही ती हमी निव्वळ कागदी आहे. दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरतात: हमी कॅम्पसने दिलेली आहे. ती कॅम्पसने दिलेली नाही. ती एका राज्याने आपल्या संपूर्ण विद्यापीठ व्यवस्थेच्या वतीने दिलेली आहे, आणि तिचा उपयोगही त्यातच आहे.

हे वचन राज्याच्या १९६० च्या उच्च शिक्षणविषयक ‘मास्टर प्लॅन’मधून आले. क्लार्क केर तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे अध्यक्ष होते. शाळा संपवणाऱ्यांतल्या वरच्या आठव्या हिश्श्यासाठी, म्हणजे साडेबारा टक्क्यांसाठी, या विद्यापीठात, वरच्या एकतृतीयांशासाठी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत आणि बाकी सर्वांसाठी कम्युनिटी कॉलेजात जागा, अशी ती विभागणी होती. कोणत्या विद्यार्थ्याने कोणत्या शहरात शिकायचे, याबद्दल त्यात शब्द नव्हता. विद्यार्थी वाढले की विद्यापीठाने जागा वाढवायच्या, हे मात्र त्यात गृहीत होते. १९६५ मध्ये अर्व्हाइन आणि सांता क्रूझ ही कॅम्पस उघडली ती याच गृहीतकाला धरून.

पात्रता ठरवण्याची रीत किचकट वाटली तरी गूढ नाही. इंग्रजीची चार वर्षे, गणिताची तीन, प्रयोगशाळा विज्ञान, इतिहास आणि परभाषा यांची प्रत्येकी दोन, कलेचे एक आणि एक ऐच्छिक विषय, असे १५ वार्षिक अभ्यासक्रम ‘ए ते जी’ या नावाने ठरलेले आहेत. त्यांपैकी ११ अकरावी संपेपर्यंत व्हायला हवेत. सरासरी गुण म्हणजे जीपीए धरला जातो तो दहावी आणि अकरावीचा, आणि रहिवाशांसाठी किमान ३.० लागतो. एपीसारख्या प्रगत विषयांचे वाढीव गुण जास्तीत जास्त आठ सत्रांपुरतेच मोजले जातात. डझनभर एपी विषय घेऊन हा जीपीए हवा तितका फुगवता येईल, ही समजूत म्हणूनच फोल आहे. एसएटी आणि एसीटी या प्रवेशपरीक्षा २०२१ पासून प्रवेशाच्या हिशोबात नाहीत.

आता पहिला आरोप. राज्यातले वरचे ९ टक्के म्हणजे दरवर्षी चाळीस हजारांच्या आसपास मुले. लॉस एंजेलिसच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात साधारण साडेसहा हजार जागा असतात. तिथे अलीकडे दीड लाखाच्या घरात अर्ज येतात आणि दहातल्या एकालाही होकार मिळत नाही. बर्कलीचे चित्र फारसे वेगळे नाही. सगळ्या पात्र मुलांना याच दोन ठिकाणी जागा देण्याचे वचन कोणी दिले असते, तर ते पहिल्याच वर्षी मोडले असते. म्हणूनच प्रत्येक कॅम्पस १३ निकषांवर अर्ज स्वतंत्रपणे पाहते. शाळेच्या वरच्या ९ टक्क्यांत असणे हा त्यांतला एक निकष आहे, म्हणजे हमीपात्र असण्याचा उपयोग तिथेही होतो. एकट्या त्याच्या बळावर दार उघडत नाही, इतकेच. हमी एखाद्या विषयालाही लागू नाही. संगणकशास्त्राची जागा नाकारली गेली म्हणून हमी मोडली, असे म्हणता येत नाही.

कॅम्पसची हमी दिली तर काय होते, हे पाहायला कल्पना लढवावी लागत नाही. टेक्सासने ती देऊन पाहिली आहे. १९९६ मध्ये ‘हॉपवुड’ खटल्यात संघीय अपील न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्यास मनाई केली. पुढच्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळाने कायदा केला आणि गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यावर सही केली: आपल्या शाळेच्या वरच्या १० टक्क्यांत येणाऱ्याला राज्यातल्या कोणत्याही सरकारी विद्यापीठात प्रवेश, आणि कॅम्पस निवडायचे विद्यार्थ्याने. साहजिकच सगळे टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसकडे धावले. दशकभरात ऑस्टिनच्या पहिल्या वर्षाला आलेल्या टेक्सासच्या मुलांपैकी सुमारे चारपंचमांश या एकाच दाराने येऊ लागली, आणि इतर कोणत्याही गुणांवर कोणाला घ्यायचे म्हटले तर जागाच उरेना. २००९ मध्ये विधिमंडळाने फक्त ऑस्टिनसाठी मुभा दिली: रहिवाशांच्या ७५ टक्के जागा या मार्गाने भरल्या की पुरे. तेव्हापासून तिथला उंबरठा थोड्याफार चढउतारांसह वर सरकला आहे. तो आधी ६ टक्क्यांवर आला आणि २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्क्यांवर. कायद्यात १० टक्क्यांचा आकडा अजून आहे, पण ज्या दारासाठी लोकांना तो हवा होता तिथे तो निम्मा झाला. कॅम्पसचे नाव घेऊन दिलेली हमी त्या कॅम्पसची लोकप्रियताच खाऊन टाकते. कॅलिफोर्नियाच्या हमीत नावच नसल्यामुळे तिचा ९ टक्क्यांचा आकडा २०१२ पासून हललेला नाही.

दुसरा आरोप जास्त वजनदार आहे. गेली अनेक वर्षे हमीतून देऊ केलेली जागा म्हणजे बहुतेक वेळा मर्सेड. सॅन होआकिन खोऱ्यातल्या शेतीप्रदेशात २००५ मध्ये उघडलेल्या या कॅम्पसमध्ये देऊ केलेली जागा स्वीकारणारे फार थोडे असतात. २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी विद्यापीठावर कडक ताशेरे ओढले, ते रास्त होते: एकीकडे हमीपात्र रहिवाशांना त्यांनी न मागितलेल्या कॅम्पसकडे वळवले जात होते आणि दुसरीकडे जास्त शुल्क भरणाऱ्या परराज्यांतल्या व परदेशी विद्यार्थ्यांची संख्या वाढत होती. त्यानंतर २०१७ मध्ये विद्यापीठाने अशा विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर मर्यादा घातली. त्याआधी २००४ मध्ये तर राज्याने निधी कापल्यामुळे हजारो पात्र मुलांना आधी कम्युनिटी कॉलेजात जा, मग बदली घ्या, असे सांगण्यात आले होते. पुढे पैसे आल्यावर त्यांतल्या अनेकांना जागा देऊ करण्यात आल्या.

हे सगळे खरे आहे, पण त्यातून हमी पोकळ ठरत नाही. २००४ ची घटना मोठा राजकीय प्रश्न झाली ती लेखी वचन मोडले गेले म्हणून. लेखापरीक्षकांना ताशेरे ओढता आले तेही कोणत्या मुलाला काय देय आहे हे नियमात लिहिलेले होते म्हणून. जिथे वचनच नसते तिथे जागा मुकाट्याने कमी होतात आणि हिशोब कोणाला विचारायचा हेही कळत नाही. आणि मर्सेडला शिक्षा समजणे हा निव्वळ नावाचा मोह आहे. पदवी तिथेही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचीच मिळते, आणि २०२५ मध्ये अमेरिकी विद्यापीठांच्या कार्नेगी वर्गीकरणाने या कॅम्पसला सर्वोच्च संशोधन श्रेणीत घेतले.

उरतो शाळानिहाय मार्गावरचा आक्षेप: दुबळ्या शाळेतला वरचा विद्यार्थी चांगल्या शाळेतल्या मधल्याहून कमकुवत असतो, मग त्याला जागा का? १९९६ च्या ‘प्रपोझिशन २०९’ने वंशाधारित प्राधान्य बंद झाल्यानंतर, २००१ पासून हा मार्ग सुरू झाला. तेव्हा मर्यादा शाळेतल्या वरच्या ४ टक्क्यांची होती. २०१२ मध्ये ती ९ झाली. अर्थशास्त्रज्ञ झॅकरी ब्लीमर यांनी त्या पहिल्या काळातल्या, दुबळ्या शाळांमधून जेमतेम पात्र ठरलेल्या मुलांचा अभ्यास केला. या मार्गाने त्यांना अधिक निवडक कॅम्पस मिळाले. एसएटीत ती सोबतच्यांपेक्षा मागे होती. तरीही, ती एरवी जिथे गेली असती त्याच्या तुलनेत, पाच वर्षांत पदवी मिळवण्याचे त्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के बिंदूंनी वाढले आणि पुढे कमाईही वाढली. ती तिथे टिकणार नाहीत, हे भाकीत खोटे ठरले. शिवाय राज्यपातळीचा मार्ग वेगळा उघडाच आहे, म्हणजे चुरशीच्या शाळेतल्या मुलाची वाट यामुळे बंद होत नाही.

फ्रीमाँट, क्युपर्टिनो, सनीव्हेल भागातल्या मराठी कुटुंबांना हा मुद्दा जवळचा आहे. तिथल्या शाळांत वरच्या ९ टक्क्यांची रेषा फार उंच असते, आणि तिच्याखाली राहिलेला मुलगाही राज्याच्या यादीत सहज बसू शकतो. त्यातच महाराष्ट्रातल्या केंद्रीय प्रवेशाच्या कॅप फेऱ्यांची सवय असलेल्या पालकांना गुणक्रमांक, पसंतीक्रम आणि त्यावर ठरलेले एकच कॉलेज, हा क्रम इथेही चालेल असे वाटते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात असा एकच गुणक्रम नसतो.

ठरावीक कॅम्पसचीच हमी हवी असेल तर ती मिळवण्याची एक वाट आहे, पण ती बारावीनंतर थेट जात नाही. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात ठरलेले श्रेयांक आणि गुण मिळवणाऱ्याला डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहांपैकी एका कॅम्पसकडून बदलीची लेखी हमी घेता येते. त्यासाठीचा अर्ज सप्टेंबरमध्ये करायचा असतो, आणि काही विषय त्यातूनही वगळलेले आहेत. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो ही तीन कॅम्पस या हमीत सहभागी नाहीत.