स्वभावाला औषध नाही?

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, असा संकेत आहे. फराळाचे ताट शेजारी असावे, अंक हाती असावा, दोन घटका करमणूक व्हावी आणि मग तो शेजारणीकडे जावा, एवढीच वाचकांची माफक अपेक्षा असते. तरीही मी आज भांडणार आहे. माणसाशी नव्हे, एका म्हणीशी. ‘स्वभावाला औषध नाही’ ही ती म्हण. काकांनी ताट भिरकावले, की आजी म्हणते, "त्यांचा स्वभावच तसा आहे." नव्या सुनेला आत्याबाई टोचून बोलल्या, की सासू म्हणते, "मनावर घेऊ नकोस, स्वभावच तसा आहे त्यांचा." सगळे गप्प होतात, चकल्या पुढे सरकतात आणि घरात शांतता नांदते. माझे म्हणणे असे, की ही म्हण शहाणपणाची नसून पळपुटेपणाची आहे. आणि तिची किंमत ती उच्चारणारा कधीच मोजत नाही.

हे मी कोणत्या अधिकाराने म्हणते? तर मी स्वतः ती म्हण वर्षानुवर्षे वापरली, ह्या अधिकाराने.

मी वर्सोव्याला सात बंगल्याजवळ राहते आणि गेली पंचवीस वर्षे सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. पूर्वी बसमध्ये लोंबकळत अंधेरी गाठावी लागे; 2014 च्या जूनमध्ये मेट्रो सुरू झाली आणि तो वनवास संपला. आमच्या कचेरीत आम्ही नऊ माणसे मिळून विम्याच्या कामाचे प्रोग्रॅम लिहितो. ज्यांच्या घरातली मुले ह्या धंद्यात आहेत, पण ती नेमके काय करतात हे ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. सॉफ्टवेअर म्हणजे एकटीने कोपऱ्यात बसून विणायचा स्वेटर नव्हे. एकाने लिहिलेला भाग दुसऱ्याच्या भागाला जोडायचा असतो, आणि जोडण्यापूर्वी तिसऱ्याने तो ओळीओळीने तपासायचा असतो. ह्या तपासणीला आम्ही ‘रिव्ह्यू’ म्हणतो. तपासणाराचे शेरे साऱ्या टीमला दिसतात. शाळेतल्या वह्या तपासून भिंतीवर टांगाव्यात, तसेच म्हणा ना.

आमच्या टीममध्ये एक गृहस्थ आहेत. आम्ही त्यांना पाठीमागे ‘जमदग्नी’ म्हणत असू. हुशारी अशी, की दुसऱ्याला दोन दिवस न सापडणारी चूक ते चहा गार होण्यापूर्वी काढून दाखवीत. पण शेरे! "हे लिहिताना झोपला होतात काय?" "पदवी कोणत्या दुकानात मिळाली?" शंका विचारायला गेलेल्या पोराला ते खुर्चीही न वळवता सांगत, "आधी वाचून या." कामाचा सर्वांत अवघड भाग एकट्या त्यांनाच ठाऊक होता. तो त्यांनी कोणाला शिकवला नाही, आणि आम्हीही कधी मागितला नाही.

टीमची प्रमुख मी. वरिष्ठांकडे तक्रार गेली, की ते म्हणत, "हुशार माणसाचे थोडे सोसावे लागते." आणि मी तीच मात्रा खाली देत असे. अमरावतीकडून आलेली एक मुलगी नव्याने लागली होती. पहिली नोकरी, यारी रोडला पेइंग गेस्ट म्हणून राहणे, महिन्याला घरी पैसे पाठविणे. एका शेऱ्यानंतर ती पाणी पिण्याच्या निमित्ताने पँट्रीत जाऊन रडली. मी पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या प्रेमाने म्हणाले, "अगं, स्वभावच तसा आहे त्यांचा. मनावर घेऊ नकोस."

तिने माझे ऐकले. तिने प्रश्न विचारणेच बंद केले.

29 फेब्रुवारी 2024, गुरुवार. सकाळी आमचा प्रोग्रॅम बंद पडला. कारण अगदी पोरकट होते. एक वर्षाच्या पॉलिसीची पुढची तारीख काढताना दिवस आणि महिना तोच ठेवून वर्षात एक मिळवला जात होता. एरवी हे चालून जाते. पण 29 फेब्रुवारीत एक वर्ष मिळवले, की 29 फेब्रुवारी 2025 येते, आणि असा दिवस कोणत्याच पंचांगात नाही. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीची ‘अझुर’ ही सेवा 29 फेब्रुवारी 2012 ला नेमक्या अशाच चुकीने कोलमडली होती. म्हणजे ठेच जगाला लागून बारा वर्षे झाली होती. आमच्याकडचा हा भाग जमदग्नींनी 2022 साली नव्याने लिहिला होता. चूक त्यांची. दुरुस्तीही त्यांनीच केली, चाळीस मिनिटांत. सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या. मीही वाजविल्या.

संध्याकाळी त्या मुलीच्या टेबलावर वही उघडी होती. तीन आठवड्यांपूर्वीच्या पानावर तिच्या बारीक अक्षरात लिहिले होते, "लीप वर्षाला काय होईल?" आणि खाली दोन रेघा. मी विचारले, "तू बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "मॅडम, बरोबर असते तरी ते रागावले असते, आणि चुकीचे असते तर सगळ्यांनी वाचले असते."

मे महिन्यात ती पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेली. जाताना पेढे ठेवून गेली. आता सांगा, त्या गुरुवारी गुन्हेगार कोण होता? तारीख चुकणे ही माणसाची चूक आहे. ती कोणाचीही होते. पण जिला चूक दिसली, तिचे तोंड आधीच बंद करून ठेवले होते, आणि ते बंद करण्याचे काम जमदग्नींनी जितके केले, तितकेच माझ्या त्या प्रेमळ वाक्याने केले.

हा केवळ संगणकाच्या धंद्याचा प्रश्न नव्हे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन ह्या विदुषींनी रुग्णालयांतील औषधे देण्याच्या चुकांचा अभ्यास केला. तो 1996 साली प्रसिद्ध झाला. अपेक्षा अशी, की जिथे परिचारिकांचे आपसांत चांगले जमते, तिथे चुका कमी. हिशेब निघाला उलटा! चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका अधिक. कारण तिथे चूक सांगण्याची भीती नव्हती. इतरत्र ती झाकली जात होती. औषधाच्या बाटलीपाशी जे घडते, तेच विम्याच्या हिशेबापाशी घडते, आणि तेच, माफ करा, आपल्या स्वयंपाकघरातही घडते.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. पहिला आक्षेप: असामान्य माणसाला सामान्यांचे नियम कसे लावणार? ठीक. लिनस टोरवाल्ड्स ह्यांच्याइतका असामान्य माणूस आमच्या धंद्यात विरळा. 1991 साली त्यांनी सुरू केलेल्या लिनक्सवर आज जगातले असंख्य संगणक चालतात. त्यांच्या पत्रांतील शिवराळपणाही तितकाच प्रसिद्ध होता, आणि त्यांचे भक्त तो प्रतिभेचा अलंकार मानीत. 2018 च्या सप्टेंबरमध्ये ह्याच गृहस्थांनी जाहीर माफी मागितली, पत्रांतून माणसांवर केलेले हल्ले गैर होते असे कबूल केले आणि काही काळ कामातून रजा घेतली. ऑक्टोबरात ते परत आले. लिनक्स बंद पडले नाही. म्हणजे औषध होते तर! लिनसना लागू पडणारे औषध आमच्या जमदग्नींना का पडू नये?

दुसरा आक्षेप: हा माणूस गेला तर काम थांबेल. जेराल्ड वाइनबर्ग ह्यांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या मानसशास्त्रावर 1971 साली पुस्तक लिहिले. ज्याच्यावाचून अडते असा प्रोग्रॅमर असेल, तर त्याला शक्य तितक्या लवकर दूर करावे, असा सल्ला त्यांनी तेव्हाच देऊन ठेवला आहे. मी इतकी कठोर नाही. पण ज्याच्यावाचून अडते तो माणूस म्हणजे संस्थेचे वैभव नव्हे, संस्थेचा हलगर्जीपणा आहे, एवढे मला पटले आहे.

तिसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो: आजकालची मुलेच हळवी, आम्ही नाही का छड्या खाल्ल्या? खाल्ल्या खऱ्या. पण छड्यांनी शिकलो, की छड्या असूनही शिकलो, ह्याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय? आणि कठोर तपासणीला माझा विरोध नाहीच. "ही ओळ चूक आहे" हे शंभर वेळा म्हणा. "तू मूर्ख आहेस" हे एकदाही म्हणू नका. पहिल्या वाक्याने ओळ सुधारते. दुसऱ्याने फक्त वही बंद होते.

शेवटी मी काय केले ते सांगते. जमदग्नींना एकटे बोलावले. "तुम्ही तुसडे आहात" असे म्हटले नाही, कारण तोच तर स्वभावाचा वाद. तीन शेरे तारखांसह समोर ठेवले, त्यांच्याखाली त्या वहीचे पान ठेवले आणि म्हटले, "हे तीन शेरे असे होते, म्हणून हे पान तुमच्यापर्यंत आले नाही." ते राजीनाम्याची भाषा बोलले. मी म्हटले, "द्या, मी घेईन." माझे पाय कापत होते, पण टेबलाखाली असल्यामुळे ते त्यांना दिसले नाहीत.

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "अकरा वर्षे रात्री-बेरात्री फोन मलाच येतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसुद्धा. जेवलात का, असे एकाने तरी विचारले?" ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्याच्यावाचून अडते त्याला आम्ही मखरात बसविले होते. आणि मखरातल्या देवाला उठता येत नाही, हे आमच्या ध्यानीही आले नव्हते.

त्यानंतर नियम केले. शेरा ओळीवर, माणसावर नाही. प्रत्येक भाग दोघांना आलाच पाहिजे. बैठकीत पहिल्यांदा सर्वांत नवखा बोलेल. जमदग्नी काही संत झाले नाहीत. भुवया अजून चढतात. पण आता खुर्ची वळवतात.

आमच्या कोळीवाड्यातल्या ज्या मावशींकडून मी बोंबील घेते, त्यांचे यजमान तांडेल होते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्यांना हा सारा प्रकार सांगितला. त्यांना त्यात नवल वाटले नाही. होडीवर हुकूम तांडेलाचा, हे खरे. पण होडीत पाणी दिसले, तर पहिल्याच खेपेला आलेल्या पोऱ्यानेही ओरडायचे, आणि तांडेलाने ते ऐकायचे. ऐकले नाही, तर बुडताना तांडेल वेगळा बुडत नाही, असे ते म्हणाले.

तेव्हा वाचकहो, ह्या पाडव्याला ओवाळताना ताटापलीकडे एखादे जमदग्नी बसले असतील, आणि कोपऱ्यात एखादी नवी सून किंवा नवखा मुलगा गप्प असेल. त्या गप्प माणसाजवळ जाऊन "स्वभावच तसा आहे" असे मात्र म्हणू नका. जे म्हणायचे ते ताटापलीकडच्या माणसाला म्हणा, एकांतात, नेमके आणि तारखेसह. आणि म्हणण्यापूर्वी त्याला विचारा, जेवलात का?