पहाटेची धाव आणि शिवारातील वाट

सुरतेकडे स्थायिक झालेल्या आमच्या काही वाचकांनी विचारणा केली आहे की, पहाटे धावण्याचा व्यायाम करावयाचा तर शहराबाहेर कोठे जावे? विचारणारे बहुतेक तरुण आहेत. कोणी पोलीसभरतीच्या तयारीत आहे, तर कोणास यंत्रमागाजवळ दिवसभर उभे राहून आखडलेले शरीर मोकळे करावयाचे आहे. सुरतेच्या ईशान्येस सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या कामरेजच्या शिवाराकडे त्यांचे लक्ष गेले आहे, आणि ते योग्यच आहे. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर देऊ लागताच आम्हांस असे दिसून आले की, धावणाऱ्याबरोबर त्या वाटेवरच्या इतर माणसांचाही विचार करणे प्राप्त आहे.

कामरेज हे तापीकाठचे फार जुने गाव. प्राचीन ताम्रपटांत ‘कार्मणेय’ असे जे नाव येते ते याच गावाचे, असे विद्वान मानतात. आज मुंबई-अहमदाबाद महामार्ग येथेच तापी ओलांडतो. गावाभोवतालचा प्रदेश सपाट, काळ्या जमिनीचा व उसाचा. काक्रापारचा बंधारा आणि १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण यांच्या कालव्यांनी या भागात बारमाही पाणी आणले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून सहकारी साखर कारखाने वाढले. धावणाऱ्यास ज्या वाटा येथे उपलब्ध आहेत त्या या पाण्याने आणि या उसानेच घडविलेल्या आहेत.

प्रथम महामार्गाविषयी. भरतीची तयारी करणारी मुले पुष्कळदा त्याच्याच कडेने धावतात. तेथे डांबर गुळगुळीत असते, दिवे असतात आणि मैलाच्या दगडांवरून अंतर मोजता येते. गुजरातच्या पोलीसभरतीत पुरुष उमेदवारास २५ मिनिटांत ५,००० मीटर आणि स्त्री उमेदवारास साडेनऊ मिनिटांत १,६०० मीटर धावावे लागते. महाराष्ट्रातील शिपाईभरतीत हीच अंतरे पुरुषांस १,६०० व स्त्रियांस ८०० मीटर अशी आहेत. तेव्हा सीमेच्या अलीकडे परीक्षा देणाऱ्यास दमसास अधिक कमवावा लागतो आणि अंतराचा हिशेब नेमका हवा, हे आम्ही जाणतो. तरीही रात्रभर वाहन हाकून डोळे जड झालेल्या चालकाच्या शेजारून, अंधारात, गडद कपडे घालून धावणे हे धाडस नव्हे, ती जिवाशी हयगय आहे. अंतर आता खिशातील फोनही मोजून देतो; त्यासाठी महामार्गाच्या दगडांचा आधार घेण्याचे कारण उरलेले नाही.

कालव्याच्या बांधावरून जाणारी वाट आम्हांस सर्वांत उत्तम वाटते. ती सरळ असते, चढउतार नसल्यासारखेच असतात आणि पायाखालची माती डांबराहून मऊ असल्यामुळे गुडघ्यांस धक्का कमी बसतो. नवख्याने येथे आधी आठवडाभर नुसते झपझप चालावे; मग पाच मिनिटे धाव व दोन मिनिटे चाल, अशा क्रमाने वाढवीत जावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटांचा जोमदार व्यायाम सांगितला आहे. तेव्हा ज्यांस भरती गाठावयाची नाही त्यांनी रोज छाती फुटेतो धावण्याची गरज नाही. चाळिशी उलटलेल्यांनी आरंभापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. मात्र हा बांध पाटबंधारे खात्याचा आहे, फिरण्यासाठी बांधलेला रस्ता नव्हे, हे विसरू नये. जेथे मनाईचा फलक असेल तेथून परत फिरावे, पाण्याच्या कडेने धावू नये, आणि पावसाळ्यात ही वाट सोडून द्यावी. काळी माती भिजली म्हणजे जोडा धरून ठेवते, आणि सुटलेला पाय कोठे घसरेल याचा नेम नसतो.

उसातून जाणाऱ्या गाडवाटा रम्य खऱ्या, पण त्या उजाडल्यावरच्या. उभा ऊस माणसाहून उंच असतो आणि वळणापलीकडचे काहीच दिसत नाही. सुरत जिल्ह्यात मांडवी-बारडोलीच्या बाजूस उसात बिबट्यांचा वावर आहे. जुन्नरच्या वाचकांस हे नवे वाटणार नाही. ऊसतोड सुरू झाली की त्यांचा आसरा मोडतो आणि ते जागा बदलतात. म्हणून सूर्योदयापूर्वी एकट्याने या वाटांवर जाऊ नये. तिघाचौघांनी मिळून, बोलत जावे. तापीच्या पात्राजवळची वाट हिवाळ्यात सुखद असते. परंतु ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराची काय अवस्था झाली ते ज्यांनी पाहिले, त्यांस पावसाळ्यात नदीकाठापासून दूर राहण्यास वेगळे सांगावे लागणार नाही.

आता मुख्य गोष्ट. धावण्यास या भागात उत्तम ऋतू म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा थंड असते, वाटा कोरड्या असतात. नेमका तोच ऊसतोडीचा हंगाम. डांगमधून, नंदुरबार-धुळ्याकडून हजारो कुटुंबे तेव्हा दक्षिण गुजरातेत उतरतात आणि शेताच्या कडेला पाल ठोकून उन्हाळ्यापर्यंत राहतात. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. तोडणीपूर्वी पाला जाळण्याची रीत येथे आहे; त्यामुळे सकाळच्या हवेत धूर असतो आणि तोडणाऱ्यांचे हातपाय व कपडे काजळीने काळे होतात. आपण आरोग्यासाठी ज्या घटकेस घरून निघतो, त्याच घटकेस अथवा त्याहूनही आधी, ही माणसे कोयता घेऊन त्याच वाटेने चाललेली असतात. कान दिला तर अहिराणी ऐकू येईल, भिलोरी ऐकू येईल. सुरत-जळगाव लोहमार्गाने आपल्यापैकी कित्येकांचे वडील-आजोबा ज्या मुलखातून सुरतेस आले, त्याच मुलखातील ही माणसे आहेत.

इंग्लंडातील खेड्यांत शेतांमधून जाणाऱ्या पायवाटांची कायदेशीर नोंद असते. १९४९ च्या कायद्याने त्यांचे नकाशे करण्याची जबाबदारी तेथील स्थानिक संस्थांवर टाकली, आणि अशा वाटेने परक्या माणसासही हक्काने चालता-धावता येते. आपल्याकडे १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत तो मुंबई इलाख्याच्या काळापासून चालत आला. शेताची वहिवाटीची वाट कोणी अडविली तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार त्याने मामलेदारास दिला. परंतु ते संरक्षण शेतात जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहे. हौसेने वा व्यायामासाठी येणाऱ्याचा विचार त्यात नाही. तेव्हा कामरेजच्या शिवारात आपण धावतो ते हक्काने नव्हे, गावाच्या सौजन्याने. सौजन्याची परतफेड सौजन्यानेच व्हावयास हवी.

ती कशी करावी? उसाने भरलेली बैलगाडी समोरून आली तर आपण कडेला उभे राहावे. भार ओढणाऱ्या बैलास थांबवून आपली वेळ साधू नये. पालांच्या मधून धावू नये, कारण ते अंगण आहे. तेथे पोरे निजलेली असतात, बायकांची आंघोळ-पाणी चाललेले असते. छायाचित्रे काढू नयेत. पाण्याची रिकामी बाटली शेतात टाकू नये. आणि रामराम घालावा. महिनाभर रोज भेटणाऱ्या माणसास न पाहिल्यासारखे करून त्याच्या वाटेवरून पळत जाणे, याला व्यायाम म्हणता येईल, पण माणुसकी म्हणता येणार नाही.

मुलींविषयी दोन शब्द. त्यांनीही धावावे अशी आमची स्पष्ट इच्छा आहे. डांग जिल्ह्यातील कराडीआंबा या गावच्या सरिता गायकवाड यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चार गुणिले चारशे मीटर रिलेचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या चमूत स्थान मिळविले. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक जिंकले. दोघीही डोंगरातील आदिवासी खेड्यांतून आल्या. आपल्या मुलींस पाय नाहीत असे नाही; त्यांस निर्धास्त वाट नाही. ज्या घरातून मुलगी धावावयास निघते त्या घरातील भावाने वा वडिलांनी सायकल घेऊन सोबत जावे. चारपाच घरांनी मिळून पाळी लावावी म्हणजे कोणासही भार वाटणार नाही.

धावणाऱ्या तरुणांनी गावच्या सरपंचांस भेटून, कोणत्या वाटेने आणि किती वाजता गेलेले चालेल, हे प्रथम विचारून घ्यावे. ऊसतोडीच्या दिवसांत कोणत्या शेताकडे गाड्यांची गर्दी होईल, कोठे पाला पेटविला जाणार, कोणत्या बाजूस बिबट्या दिसला, हे गावास ठाऊक असते. फोनवरील नकाशास ते ठाऊक नसते. विचारून गेलेल्या माणसास वाट दाखविणारे कोणी ना कोणी भेटतेच.