मानाचं पान आणि 'कॉसमॉस'

'कॉसमॉस'चा विषय निघाला की कोल्हापुरात एक प्रश्न हमखास येतो. "मालिका भारीच होती, पण त्यात आपलं कोण होतं?" विचारणारा बहुतेक वेळा शिकलेला असतो, मालिका त्यानं मन लावून पाहिलेली असते, आणि त्याला उत्तर नको असतं. उत्तर त्याच्याकडे तयार असतं : कुणी नव्हतं, कारण ते लोक आपलं नाव घेतच नाहीत. मग चहा येतो आणि विश्वाचा विषय संपतो.

या प्रश्नाशी मला भांडायचं आहे. त्यात तथ्य नाही असं नव्हे. जे आहे ते पुढे मान्य करतोच. भांडण यासाठी की हा प्रश्न विचारला की मालिकेनं आपल्याला विचारलेल्या प्रश्नांतून आपली अलगद सुटका होते.

आधी थोडा इतिहास. कार्ल सेगन यांची मूळ 'कॉसमॉस' १९८० साली अमेरिकेत आली. १३ भाग. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ती दूरदर्शनवर दिसली, तेव्हा भारतीय प्रेक्षकांशी बोलायला जयंत नारळीकर होते. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८चा. २०१४ मध्ये मालिका नव्यानं आली. निवेदक नील डिग्रास टायसन. लेखन अ‍ॅन ड्रुयान आणि स्टीव्हन सोटर यांचं, जे मूळ मालिकेतही सेगनसोबत होते. भाग पुन्हा १३. या वेळी मात्र पडदा आणि आपण यांच्यामध्ये उभं राहून चार शब्द सांगणारा नारळीकरांसारखा माणूस नव्हता.

नव्या मालिकेवरची एक प्रतिक्रिया बाजूला ठेवू. "जुनीच बरी होती" म्हणणारे सगळीकडे असतात. त्यांना सेगन यांचा ठहराव आणि व्हँजेलिसचं संगीत आठवतं, टायसन यांचं झगमगतं यान खटकतं. हा आवडीनिवडीचा मामला आहे आणि त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

भांडायचं आहे ते दुसऱ्या प्रतिक्रियेशी, म्हणजे मानापमानाच्या प्रतिक्रियेशी. आपल्याकडे लग्नाची पत्रिका आली की आधी नावं वाचली जातात. सत्काराच्या कार्यक्रमात शाल कुणाला आणि नुसताच गुलाब कुणाला, यावरून पिढ्यान्‌पिढ्या अबोले चालतात. आपण 'कॉसमॉस' त्याच नजरेनं पाहिली. १३ भाग ही १३ पानांची पत्रिका, आणि आपण निमंत्रकांत आपलं नाव शोधत होतो.

आता तथ्याचा भाग. मालिकेतला विज्ञानाचा इतिहास प्रामुख्यानं युरोप-अमेरिकेचा आहे, हे खरं. पाचव्या भागात चीनचा मोझी आणि अरब जगातला इब्न अल-हैथम येतात, पण आर्यभट येत नाही. इसवी सन ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं लिहून ठेवणाऱ्या माणसाला दोन मिनिटं द्यायला हरकत नव्हती. भास्कराचार्यही नाहीत. तक्रार रास्त आहे. पण ती करणाऱ्याला पुढचे दोन प्रश्न विचारून पाहा.

पहिला : आर्यभटाचं आपण काय केलं? पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी घरट्यात परत कसे येतील, असा आक्षेप वराहमिहिरानं घेतला. पृथ्वी फिरते तर उंच वस्तू कोसळत का नाहीत, असं ब्रह्मगुप्तानं विचारलं. त्या काळात हे आक्षेप उत्तम होते. त्यांना उत्तर द्यायचं तर गतीचं नवं शास्त्र उभारावं लागलं असतं. उत्तर शोधलं गेलं नाही. नंतरच्या टीकाकारांनी आर्यभटाच्या श्लोकांचाच अर्थ असा लावला की पृथ्वी स्थिर राहावी. ही गोष्ट रोमहर्षक आहे. तिच्यात वाद आहे, बुद्धी आहे आणि एक हुकलेली वाट आहे. 'आपलं कोण होतं' विचारणाऱ्यांपैकी किती जणांना ती ठाऊक असते? आर्यभट म्हणजे 'शून्य' एवढ्यावरच आपला अभिमान थांबतो.

दुसरा प्रश्न : नाव घेतलं तेव्हा आपण काय केलं? सेगन यांनी १९८० मध्येच घेतलं होतं. मूळ मालिकेचा दहावा भाग तमिळनाडूत जातो, चोळकालीन नटराज दाखवतो आणि ब्रह्मदेवाच्या ८६४ कोटी वर्षांच्या अहोरात्राबद्दल आदरानं बोलतो. तो तुकडा अजूनही मोबाइलवर फिरतो, सोबत 'बघा, नासावाल्यांनीही मान्य केलं' अशा थाटाचा मजकूर. पण सेगन यांनी तिथंच हेही सांगितलं होतं की हे आकडे आधुनिक विश्वशास्त्राच्या आकड्यांशी जुळतात तो योगायोग आहे. तो शब्द आपल्या कानावरून गेला. २०२० च्या तिसऱ्या पर्वात सम्राट अशोकाची गोष्टही आली. त्यानं आपलं विज्ञानाचं वाचन रतीभर तरी वाढलं का? मानाचं पान मिळालं, जेवण झालं, हात धुतले.

यापेक्षा गंभीर आहे ती ब्रूनोवरची प्रतिक्रिया. नव्या मालिकेच्या पहिल्याच भागात जोर्दानो ब्रूनोची कथा आहे. १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये त्याला जिवंत जाळलं. इतिहासकारांनी या कथेवर टीका केली आणि ती बरोबर होती : ब्रूनो वैज्ञानिक नव्हता, त्याच्यावरच्या आरोपांत धर्मशास्त्राचे मुद्दे मोठे होते, मालिकेनं त्याला सोपा नायक करून टाकलं. आपल्याकडच्या प्रेक्षकानं मात्र निराळंच सुख काढलं. "बघा, त्यांच्या चर्चनं जाळलं. आपल्याकडे असं कधी झालं नाही."

हे वाक्य कोल्हापुरात २०१४ च्या उन्हाळ्यात उच्चारलं जात होतं. त्याआधी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. मालिका संपून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, सकाळी फिरून घरी परतणाऱ्या गोविंद पानसरे आणि उमा पानसरे यांच्यावर याच शहरात गोळीबार झाला. २० तारखेला पानसरे गेले. ब्रूनो वैज्ञानिक नव्हता, तसे पानसरेही नव्हते. ते वकील होते, पुस्तकं लिहीत होते आणि सभेत उभे राहून पटलेलं बोलत होते. खटल्यांचं काय ते न्यायालय पाहील. पण 'आपल्याकडे असं कधी झालं नाही' हे वाक्य त्यानंतर ज्याच्या तोंडी येतं, त्यानं आपलं गाव तरी पाहिलं आहे का, असा प्रश्न पडतो. चारशे वर्षांपूर्वीचा रोम त्याला स्वच्छ दिसतो. आपल्या गल्लीच्या टोकाशी मात्र धुकं असतं.

अमेरिकेत या मालिकेवर लोक चिडले. सृष्टी देवानं सहा दिवसांत घडवली असं मानणाऱ्यांनी आमचीही बाजू दाखवा अशी मागणी केली. ओक्लाहोमा सिटीतल्या एका केंद्रावर पहिल्या भागातला उत्क्रांतीचा काही सेकंदांचा उल्लेख गेला आणि त्या जागी बातम्यांची जाहिरात वाजली. ती तांत्रिक चूक होती असा खुलासा केंद्रानं केला. आपण या सगळ्याला हसलो. मला मात्र त्या चिडलेल्या प्रेक्षकाबद्दल थोडा आदर वाटतो. तो चुकीचा होता, पण ऐकत होता. हे खरं असेल तर मला माझ्या डोक्यातलं काहीतरी टाकून द्यावं लागेल, हे त्याला कळलं होतं. आपल्याला कसलाच राग आला नाही, कारण आपण काही टाकून द्यायला बसलोच नव्हतो. उत्क्रांती ऐकली, छान वाटलं, दशावतारात हे आधीच आहे असं म्हणालो आणि झोपलो.

त्या झोपेचा हिशेब पुढे लागला. जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादेत, शिक्षण खात्याचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचं सांगितलं. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, हा त्यांचा मुद्दा. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला. शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाची पत्रं लिहिली. नऊ वर्षांपूर्वी 'कॉसमॉस'चं कौतुक करणारा, आर्यभटाचं नाव न घेतल्यानं दुखावलेला प्रेक्षक तेव्हा कुठं होता? अस्मितेचं गाऱ्हाणं मांडणाऱ्याला स्वतःच्या मुलाच्या पुस्तकातलं गळलेलं प्रकरण दिसलं नाही.

आणि आपलं कुणी नव्हतं म्हणता, तर सातवा भाग पुन्हा पाहा. क्लेअर पॅटरसन नावाचा शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय मोजायला निघतो. दगडातलं शिसं मोजायचं, तर प्रयोगशाळेतच सगळीकडे शिसं सापडतं. तो कमालीची स्वच्छ खोली बांधतो, वय काढतो (सुमारे ४५५ कोटी वर्षं) आणि मग विचारतो, हे एवढं शिसं आलं कुठून? समुद्रात, बर्फात शोधत तो पेट्रोलपर्यंत पोचतो. कंपन्यांच्या पैशांवर काम करणारा शास्त्रज्ञ सांगतो की काही धोका नाही. पॅटरसनचा निधी आटतो. तो मोजत राहतो. भारतभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचं व्हायला २००० साल उजाडलं.

हा भाग कोल्हापूरचा आहे. पंचगंगेत मेलेल्या माशांचा थर दिसला की आपल्याकडे चार दिवस फोटो छापून येतात, नमुने घेतले जातात, मग पाऊस पडतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. नदीत काय आहे हे कोण मोजतं? मोजणाऱ्याला पगार कोण देतं? आकडे कुठं मिळतात, आणि ते वाचता येणारे आपल्यात किती? टायसन यांनी पंचगंगेचं नाव घेतलं नाही. पण पॅटरसनची गोष्ट ऐकून ज्याला आपली नदी आठवली नाही, त्यानं मालिका पाहिली नाही, नुसती लावली.

शेवटी आपल्या माणसाबद्दल. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. 'कोल्हापूरचे सुपुत्र' म्हणून श्रद्धांजल्या झाल्या. जगात भारी कोल्हापुरी या यादीत आणखी एक नाव पक्कं झालं. पण नारळीकरांनी केलं काय? एक तर, महास्फोटाचा सिद्धांत जगानं स्वीकारला तरी त्यांनी तो अखेरपर्यंत स्वीकारला नाही. फ्रेड हॉइल यांच्यासोबत मांडलेली पर्यायी कल्पना ते शोधनिबंध लिहून लढवत राहिले आणि बहुतेक वैज्ञानिकांना ती पटली नाही. मतभेद कसा करायचा, याचा हा वस्तुपाठ : गणित मांडायचं, पटलं नाही तर पुन्हा मांडायचं, कुणाच्या भावना दुखावल्या म्हणून पोलिसांत जायचं नाही.

दुसरं, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची सांख्यिकी चाचणी घेतली. २०० पत्रिका गोळा केल्या, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या : कुठली कुणाची ते सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवून जे मिळतं त्याच्याच आसपास. २००९ मध्ये हे 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. सुपुत्राचा हा निष्कर्ष सुपुत्राच्या गावात किती लग्नांच्या बोलणीत आडवा आला? नाव आपण ठेवून घेतलं, काम परत पाठवून दिलं. 'आपलं कोण' या प्रश्नातली खोट इथं उघडी पडते : आपलं माणूस ऐन आपल्या गावात जन्मलं, टीव्हीवर येऊन आपल्याशी बोललं, तरी आपण ऐकलं नाही.

आपल्याला आपली 'कॉसमॉस' हवी असेल तर परवानगी कुणाची लागत नाही. पहिला भाग महाद्वार रोडवर तयार आहे. अंबाबाईच्या देवळात ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या संध्याकाळी मावळतीचे किरण गाभाऱ्यात येतात. वर्षातून दोनदाच का? कारण या दोन्ही तारखा २१-२२ डिसेंबरपासून सुमारे ४१-४२ दिवस अलीकडे-पलीकडे आहेत. तेव्हा सूर्य आकाशात एकाच जागी, विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला असतो, आणि कोल्हापुरातून पाहता नेमक्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांच्या हातात नजर आणि दोरी होती, आणि ते मोजत होते. हा खरा वारसा.

आता त्यांचे वारस म्हणून एक प्रश्न घ्या. सांगतात की पहिल्या दिवशी किरण चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. पण नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकत असतो आणि फेब्रुवारीत उत्तरेकडे. मग दोन्ही वेळी क्रम तोच कसा? वाटेतल्या इमारतींचा त्यात किती वाटा, ढगांचा आणि धुळीचा किती, आणि ऐकीव सांगण्याचा किती? देवीचा यात काही अपमान नाही. हात जोडूनही मोजता येतं. शिवाजी विद्यापीठ आहे, शाळा आहेत, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. सहा संध्याकाळी तारीख, वेळ आणि किरणांची उंची वहीत लिहायची, आणि पुढची दहा वर्षं हे सोडायचं नाही. असं करणारी २० पोरं या शहरात निघाली तर 'त्यात आपलं कोण होतं' हे विचारायची गरज उरणार नाही. तोवर तो प्रश्न तोंडातून काढायचा नाही.