हुकूम दिला कुणी?

23 जुलै 1954. इजिप्तच्या राज्यक्रांतीला त्या दिवशी दोन वर्षं पुरी होत होती. अलेक्झांड्रियातल्या रिओ सिनेमाच्या दाराशी फिलिप नाथानसन नावाच्या तरुणाच्या खिशातून अचानक धूर येऊ लागला. खिशात चष्म्याचं घर होतं, घरात चष्म्याऐवजी घरीच बनवलेला आगीचा बॉम्ब. आम्लाने आतलं वेष्टण वेळेआधीच खाल्लं आणि तो खिशातच पेटला. पोलिसांनी आग विझवली, तरुणाला उचललं आणि थोड्याच दिवसांत त्याचे साथीदारही एकामागून एक गजाआड गेले.

मोसाद या इस्रायली गुप्तचर संस्थेच्या शौर्यकथा आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात. ही गोष्ट मात्र त्या कथांमध्ये सहसा सापडत नाही. ती मोसादची नाहीच. इस्रायली लष्कराच्या गुप्तचर खात्याची, ‘अमान’ची आहे. या खात्याच्या युनिट 131 चा अधिकारी अव्राहम दार 1951 मध्ये जॉन डार्लिंग या नावाने, ब्रिटिश व्यापारी बनून इजिप्तमध्ये उतरला. त्याने जमवलेली मंडळी तिथलीच होती, इजिप्तमध्ये वाढलेले तरुण ज्यू. मोशे मारझूक कैरोत डॉक्टर, शमुएल अझार अलेक्झांड्रियात शिक्षक. मार्सेल निनिओ ही त्यातली एकमेव स्त्री.

1954 मध्ये ब्रिटन सुएझ कालव्याच्या पट्ट्यातून सैन्य काढून घेण्याच्या बेतात होतं. ते इस्रायलला नको होतं. म्हणून अमेरिकी आणि ब्रिटिश ठिकाणी स्फोट घडवायचे, आळ कम्युनिस्टांवर किंवा मुस्लिम ब्रदरहूडवर जाऊ द्यायचा आणि इजिप्तचे पंतप्रधान नासर यांना देश सांभाळता येत नाही असं पश्चिमेच्या मनावर ठसवायचं, असा डाव आखला गेला. 2 जुलैला अलेक्झांड्रियाच्या टपाल कार्यालयात आणि 14 जुलैला अलेक्झांड्रिया आणि कैरोतल्या अमेरिकी वाचनालयांत आगी लागल्या. जीव कुणाचाच गेला नाही. नाथानसनच्या खिशात बॉम्ब पेटल्यानंतर चारच दिवसांनी ब्रिटनने सैन्य माघारीच्या मसुद्यावर सही केली. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तेही साधलं नाही.

डिसेंबरमध्ये कैरोत लष्करी न्यायालयापुढे खटला उभा राहिला. इस्रायलचे पंतप्रधान मोशे शारेट यांनी संसदेत सांगितलं की हा निव्वळ बनाव आहे, निरपराध ज्यूंना गुंतवलं जातंय. शारेट यांना या कारवाईची पूर्वकल्पनाच दिलेली नव्हती. आरोपींपैकी मॅक्स बेनेट या इस्रायली अधिकाऱ्याने कोठडीत आत्महत्या केली. 31 जानेवारी 1955 रोजी मारझूक आणि अझार फासावर गेले. दोषी ठरलेल्या बाकीच्यांना सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा झाल्या.

खरा बनाव मात्र इस्रायलमध्येच रचला जात होता. हुकूम कुणी दिला, यावर ‘अमान’चे प्रमुख बिन्यामिन गिब्ली म्हणाले, संरक्षणमंत्र्यांनी तोंडी दिला. मंत्री पिन्हास लावोन म्हणाले, मी असं काही सांगितलंच नाही. चौकशी समितीने दोघांपैकी कुणाचंही नक्की खरं न मानता हात झटकले. लावोन यांना फेब्रुवारी 1955 मध्ये राजीनामा द्यावा लागला. पुढे 1960 मध्ये बनावट कागद आणि खोट्या साक्षी उघड झाल्या. गिब्लींच्या सांगण्यावरून त्यांच्या पत्राच्या प्रतीत फेरफार केल्याची कबुली खुद्द त्यांच्या सचिव महिलेनेच दिली. मंत्र्यांच्या समितीने लावोन यांना निर्दोष ठरवलं, ते न पटल्याने पंतप्रधान बेन-गुरियन यांनी जानेवारी 1961 मध्ये राजीनामा दिला. देशभर वर्षानुवर्षं चर्चा झाली ती या नेत्यांच्या भांडणाची. कैरोच्या तुरुंगात बसलेल्यांचं नाव त्यात अभावानेच निघालं.

स्फोट घडवणाऱ्या गटाचा त्या वेळचा सूत्रधार अव्री एलाद जर्मन व्यापारी पॉल फ्रँक बनून इजिप्तमध्ये वावरत होता. धरपकड चालू असताना तो निवांतपणे आपली मोटार विकून देशाबाहेर पडला. फितुरी त्यानेच केली, असं सुटून आलेल्यांचं ठाम म्हणणं होतं. पण त्याला शिक्षा झाली ती गुप्त कागद बेकायदा बाळगल्याबद्दल. त्याच्यावरचा खटलाही बंद दाराआडच चालला.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट यानंतरची. 1956 च्या युद्धात इस्रायलच्या हाती पाच हजारांहून अधिक इजिप्शियन कैदी होते. तरीही त्यांच्या बदल्यात या मोजक्या माणसांची सुटका झाली नाही. त्यांना मागणं म्हणजे ती आपली आहेत असं कबूल करणं. निनिओ, नाथानसन, रॉबर्ट दासा आणि व्हिक्टर लेव्ही 1968 मध्ये सुटले, पण आल्याची बातमीही दडवली गेली. 1971 मध्ये पंतप्रधान गोल्डा मेयर निनिओच्या लग्नाला गेल्या तेव्हा कुठे या चौघांचं नाव लोकांना कळलं. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मानपत्र मिळायला 2005 साल उजाडलं, तेव्हा तिघेच हयात होते.

गुप्त कारवाईत ‘आमचा संबंध नाही’ म्हणावं लागतं, ते देशहितासाठी असतं, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. परदेशापुढे तो एकवेळ चालेल. पण इथे कानावर हात ठेवून वाचली ती अधिकाऱ्यांची खुर्ची. देशाचं गुपित तर खटल्यातच फुटलं होतं. तोंडी हुकुमाची सोय देणाऱ्याला असते, पाळणाऱ्याला नसते.

अमेरिकेला हे ठेच लागल्यावर कळलं. इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या इराण-काँट्रा प्रकरणात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी मागाहून सही केलेला मंजुरीचा कागद सुरक्षा सल्लागार पॉइंडेक्स्टर यांनी 1986 मध्ये फाडून टाकला. त्यानंतर 1991 च्या कायद्याने गुप्त कारवाईला राष्ट्राध्यक्षांची लेखी मंजुरी सक्तीची केली आणि मागच्या तारखेची मंजुरी बाद ठरवली. भारताची गुप्तचर संस्था ‘रॉ’ 1968 पासून संसदेच्या कायद्याविना चालते. गुप्तचर संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणणारं खासगी विधेयक खासदार मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये मांडलं होतं, ते तसंच राहिलं. असा कायदा पुन्हा विचारात आला तर कारवाईला मंजुरी देणाऱ्याचं नाव कागदावर असावं आणि ठरावीक वर्षांनी तो कागद खुला व्हावा. शिवाय माणूस पकडला गेला तर त्याच्या घरी कुणी, कधी आणि काय कळवायचं, त्याच्या सुटकेसाठी कुणी झटायचं, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं.